दादाच्या काचा

आमच्या घरात भाऊंचं दुकान आणि आईचं स्वयंपाकघर यांच्यामध्ये फक्त एक पडदा होता. पडद्याच्या पुढे टर्पेंटाइनचा वास, मागे फोडणीचा, आणि दुपारी दोन्ही एकमेकांत मिसळायचे. भाऊ म्हणजे आमचे वडील. ते पेंटर होते. जळगावातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या त्यांच्या हातच्या, असं ते स्वतः कधी म्हणायचे नाहीत, आई म्हणायची. पाट्यांशिवाय त्यांचं आणखी एक काम होतं, टॉकीजच्या काचांचं. आजच्या मुलांना हे समजावून सांगावं लागतं. मध्यंतरात पडद्यावर जाहिराती दाखवायच्या, त्या काचेवर लिहिलेल्या असायच्या. तळहाताएवढी काच, तिच्यावर बारीक कुंचल्यानं साडीच्या नाहीतर भांड्यांच्या दुकानाचं नाव. ती यंत्रात सरकवली की मागच्या दिव्यानं ते नाव भिंतीएवढं होऊन समोर उभं राहायचं. भाऊंना या कामाचे पैसे थोडे मिळायचे, पण वर सिनेमाचे पास मिळायचे, आणि त्या पासांवर ते माझ्या थोरल्या भावाला, दादाला, घेऊन जायचे.

दादाचं नाव प्रकाश. आई पारोळ्याची, तिच्या तोंडी तो कायम 'परकाश'. लग्नानंतर सगळी वर्षं जळगावात काढूनही आईची अहिराणी गेली नाही. लहानपणी दादा फार बोलका होता म्हणतात. नवव्या वर्षी त्याला ताप आला. बरेच दिवस तो दवाखान्यात होता. ताप उतरला, घरी आणलं, आणि दुसऱ्या दिवशी तो आईला म्हणाला, "आई, तू मोठ्यानं बोल ना." आईला वाटलं, पोरगा अशक्तपणामुळे चिडचिड करतोय. ती मोठ्यानं बोलली. तो पुन्हा तेच म्हणाला. मी तेव्हा एवढीशी होते, मला त्यातलं काही आठवत नाही. आठवतं ते नंतरचं. दादा दोन वर्षं धुळ्याला कर्णबधिर मुलांच्या शाळेच्या वसतिगृहात राहिला. तिथल्या निकमबाईंनी त्याला ओठांवरून बोलणं ओळखायला शिकवलं. मग तो परत आला, आमच्याच शाळेत पहिल्या बाकावर बसून दुसऱ्या खेपेला मॅट्रिक पास झाला आणि भाऊंच्या हाताखाली पाट्या रंगवू लागला.

त्याचं बोलणं शाबूत होतं, पण आवाजाचा अंदाज गेला होता. एखाद्या घरी कुणी वारलं म्हणून आम्ही भेटायला गेलो की तो माझ्या कानाशी येऊन कुजबुजायचा आणि ती कुजबुज ओसरीवरच्या सगळ्यांना ऐकू जायची. घरात तो नेहमी दिव्याखाली, सगळ्यांची तोंडं दिसतील असा बसायचा. जेवताना त्याची फार पंचाईत व्हायची. शेवभाजीचा रस्सा तिखट झाला, भाऊंनी तोंडासमोर हात धरून 'हा हू' केलं आणि त्यातच काही बोलले, तर तेवढं वाक्य दादाला गेलं. आई भाकरीचा घास तोंडात ठेवून बोलायची, तिचं अर्धं बोलणं जायचं. उन्हाळ्यात गच्चीवर ज्वारीचे बिबडे, आमच्याकडचे पापड, घालायला गल्लीतल्या बाया जमल्या की सगळ्यांची तोंडं खाली, ओल्या फडक्याकडे. हसण्याची लाट यायची. दादा फडकं धरून उभा, विचारायचा, "काय झालं?" एखादी म्हणायची, "काही नाही रे." हे दोन शब्द तो कुणाच्याही ओठांवरून, कितीही लांबून ओळखायचा.

मग आमच्याकडे टीव्ही आला. म्हणजे शेजारच्या वाण्याकडे आला, आणि वर्षभरानं भाऊंनी जुना, सरकत्या दाराच्या पेटीतला, आमच्याकडे आणला. रविवारी सकाळी घरात चप्पल ठेवायला जागा नसायची. दादा अगदी पुढे बसायचा आणि माझ्याकडे वळून वळून बघायचा, मी सांगेन म्हणून. पण देवाधर्माच्या मालिकेत एक राजा बोलायला लागला की पाच मिनिटं बोलतो. मी त्यातलं दोन शब्दांत सांगायचे. "रागावलाय." "जा म्हणतोय." दादा मान हलवायचा.

रविवारी दुपारी मात्र वेगळंच असायचं. तेव्हा दुसऱ्या भाषांमधले सिनेमे लागत, बंगाली, मल्याळी, आसामी. गल्लीत ते कुणी बघायचं नाही. जेवणं झालेली, बाहेर खानदेशचं ऊन, सगळं घर आडवं झालेलं. दादा एकटा टीव्हीसमोर. कारण त्या सिनेमांच्या खाली इंग्रजीत अक्षरं यायची. दादाचं इंग्रजी मॅट्रिकपुरतं. मांडीवर कव्हर फाटलेली डिक्शनरी घेऊन तो बसायचा. शब्द शोधेपर्यंत पुढची दोन वाक्यं निघून जायची, पण काही महिन्यांनी डिक्शनरी मांडीवर नुसतीच पडून राहायला लागली.

एका रविवारी आईला झोप आली नाही. ती भिंतीला टेकून बसली. पडद्यावर एक म्हातारी पत्र हातात घेऊन बोलत होती. बंगाली. आईला एक अक्षर कळेना. ती सवयीनं माझ्याकडे वळली, मला काय कळणार? मग तिनं दादाच्या पाठीला हात लावला. तो वळल्यावर विचारलं, "काय म्हनी राहिनी ती बाई?"

"तिचा मुलगा येणार नाही," दादा म्हणाला. "शहरात दुसरं घर केलंय त्यानं. ती शेजारणीला सांगतेय की येणार आहे."

"खोटं सांगस?"

"हो. खोटं सांगतेय."

आईनं पदर डोळ्यांना लावला. "मंग?"

"थांब, अजून लिहिलं नाही त्यांनी."

सिनेमा संपेपर्यंत आई विचारत राहिली आणि दादा सांगत राहिला. आमच्या घरात एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच दादा दुसऱ्या कुणाला, काय बोलणं चाललंय ते सांगत होता. संपल्यावर तो उठला, टीव्ही बंद केला आणि भाऊंना म्हणाला, "बंगाल्यांचं बोलणं मला कळतं. आपलं मराठी नाही कळत." तक्रार अशी नव्हती. त्याला स्वतःलाच ते नवल वाटत होतं.

त्यानंतर आठ-पंधरा दिवसांत त्यानं पहिली काच केली. जाहिरातीच्या काचेवर रंगानं लिहितात. त्यानं उलटं केलं. सगळी काच काळ्या रंगानं माखली, वाळू दिली आणि दाभणाच्या टोकानं त्यात अक्षरं कोरली. उजेड जायचा तो फक्त अक्षरांतून. टॉकीजवाल्यांनी टाकून दिलेलं एक जुनं यंत्र भाऊंनी दुरुस्तीला म्हणून आणून ठेवलेलं होतं. संध्याकाळी दादानं त्यात ती काच सरकवली आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवर, मिसळणाच्या डब्याच्या वर, पांढरीशुभ्र अक्षरं उमटली: 'जेवाले चाल'. आई चार इयत्ता शिकलेली. तिनं ती बोटानं हवेत गिरवत वाचली आणि हसत सुटली. "हाई तं मन्हं बोलनं शे!"

निकमबाई त्याच सुमारास जळगावला आल्या होत्या, शाळेची पाटी रंगवून घ्यायला. दादानं त्यांना ती काच दाखवली. बाईंनी भिंतीवरची अक्षरं दोनदा वाचली. मग दादासमोर नीट उभ्या राहून म्हणाल्या, "प्रकाश, संमेलनाला आम्ही मुलांना दरवर्षी सिनेमा दाखवतो. मुलं मारामारी बघतात आणि गाण्यात झोपतात. एक आख्खा सिनेमा करशील का असा?"

गणपतीत गल्लोगल्ली पडदा लावून सिनेमे दाखवणारे रज्जाकभाई भाऊंचे मित्र होते. त्यांच्याकडे लहान मशीन होतं आणि एका जुन्या मराठी सिनेमाची रिळं. तो दादाचा सर्वांत आवडता सिनेमा. लहानपणी भाऊंनी त्याला तो टॉकीजमध्ये दाखवला होता, पुढे गणपतीत त्यानं तो दर वर्षी पाहिला. रज्जाकभाई मला म्हणाले, "बेटी, दिवसा माझ्या घरी ये. तू म्हणशील तिथे मी थांबवतो." मी तेव्हा कॉलेजात होते. खोलीच्या खिडक्यांना गोधड्या लावून मी बसायचे, ऐकायचे, लिहायचे. सगळं बोलणं काचांवर मावणार नव्हतं. मी वाक्यं आखूड करायची, दादा दुकानात बसून कोरायचा. फोटो स्टुडिओवाल्यांकडून जुन्या निकामी काचा आणल्या होत्या, त्या आई राखेनं घासून द्यायची.

आता इथे मला तो दिवस सांगायचा आहे.

त्या सिनेमात एक काका होता. धोतर, लांब कोट, तिरपी टोपी. तो आला की सगळं थिएटर हसायचं. दादाला तो फार आवडायचा. लहानपणी तो त्याची चाल करून दाखवायचा, टोपी तिरपी करून अंगणात फिरायचा, आणि आम्ही हसायचो. मी त्या काकाच्या प्रवेशापर्यंत पोचले, घरी आले आणि भाऊंना कागद दाखवला. भाऊंनी वाचला नाहीच. एवढंच म्हणाले, "हा सीन गाळ."

दादा समोरच बसला होता. ओठांवरून त्यानं ते घेतलंच. "का गाळायचा? काकाचा ना? तो तर सगळ्यात हुशार. तो बोलला की सगळे खूश होतात."

भाऊ कुंचला धुवायला लागले. दादानं माझ्याकडे पाहिलं. "कुंदा, काय बोलतो तो?"

मी म्हणाले, "दादा, तो बहिरा आहे."

त्याला वाटलं, आपण चुकीचं वाचलं. त्यानं मला पुन्हा म्हणायला लावलं. मग मी त्याच्यासाठी ठेवलेल्या लिहायच्या पाटीवर लिहूनच दिलं. मालकीण सांगते, पाहुणे आले. काका ऐकतो, मेले. आणि आलेल्या पाहुण्यांसमोर गळा काढून रडायला लागतो. पुढे पूर्ण सिनेमाभर असंच.

दादानं ते वाचलं. "म्हणजे मी अंगणात चालून दाखवायचो तेव्हा..." मग भाऊंकडे वळला. "तुम्हाला माहीत होतं. तुम्ही माझ्या शेजारी बसायचे. मी विचारायचो, का हसतात? तुम्ही म्हणायचे, काका शहाणा आहे."

भाऊ काय बोलले ते मला नीट ऐकू आलं नाही, ते पाठमोरे होते. दादाला अर्थातच दिसलं नाही.

त्यानंतर दादा दुकानात बसेना. पहाटे उठून मेहरूणच्या तळ्याकडे जायचा, उन्हं चढल्यावर यायचा, जेवायचा, पडून राहायचा. भाऊंशी एक शब्द नाही. अर्धवट पाट्या भिंतीला टेकून उभ्या, गिऱ्हाइकं येऊन जायची. आईला भाऊंनी सांगितलं, "तो दहा वर्षांचा होता. त्याला काय सांगायचं होतं मी?" आई म्हणाली, "तवय ठीक. आते तो दाढी करस. आखो किती दिन खेळवशात त्याले?"

एका सकाळी मी दुकानाचं दार उघडलं तर दादा आत बसलेला, पुढ्यात काळ्या काचा. भाऊ पडदा सारून आले. दादा त्यांच्याकडे न बघताच म्हणाला, "काकाच्या सगळ्या काचा मी करणार. एकही गाळायची नाही."

भाऊ त्याच्या समोर जाऊन बसले. "अरे, लहान मुलं आहेत ती. त्यांना वाईट वाटेल."

"वाटू दे."

"कशाला पण?"

"सगळे हसतात आणि एकालाच माहीत नाही, त्यापेक्षा वाईट काय असतं? ते तुम्हाला नाही कळणार भाऊ. ते मला ठरवू द्या."

भाऊ उठले. दुसऱ्या दिवसापासून ते काचा काळ्या करून वाळवून द्यायला लागले. दोघं समोरासमोर काम करायचे, बोलणं काही नाही.

(आज दादा माझ्याकडे येतो तेव्हा मोबाइल समोर धरतो आणि मी बोलले की माझं बोलणं त्यावर अक्षरांत उमटतं. मी 'बिबडे तळते' म्हणाले तर तिथे 'बिघडे कळते' येतं आणि आम्ही दोघं म्हातारे हसतो. आईची अहिराणी तर मोबाइलला मुळीच लिहिता आली नसती. तरीही ते बघताना माझ्या डोळ्यांपुढे राखेनं घासलेल्या काचा येतात, आणि एका वाक्यासाठी दादाचा दाभण किती वेळ चालायचा तेही.)

धुळ्याला आम्ही एस.टी.नं गेलो. काचांच्या पेट्या गोधडीत गुंडाळून आम्ही तिघांनी मांडीवर घेतल्या होत्या. रज्जाकभाई मशीन आणि रिळं घेऊन मागच्या सीटवर. एरंडोल गेलं, पारोळं गेलं; खड्डा आला की भाऊ पेटी छातीशी उचलून धरायचे. शाळेच्या हॉलमध्ये खिडक्यांना सतरंज्या लावल्या होत्या. मोठ्या पडद्याच्या खाली आम्ही एक लांब पांढरं पांघरूण ताणून बांधलं, अक्षरांसाठी. रज्जाकभाई मशीनवर, भाऊ काचांच्या यंत्रावर. मी भाऊंच्या शेजारी, कारण कान माझे लागणार होते. वाक्य आलं की मी त्यांच्या दंडाला हात लावायचा, त्यांनी काच बदलायची. दादा पुढे मुलांत जाऊन बसला.

पहिलं वाक्य उमटलं, 'घरात कोण आहे?', तेव्हा सगळी मुलं आधी मागे वळून आमच्याकडे बघायला लागली. उजेड कुठून येतो ते त्यांना बघायचं होतं. मग हळूहळू तोंडं पडद्याकडे गेली. मोठी मुलं वाचायची आणि लहानांना हातांच्या खुणांनी सांगायची. एरवी निकमबाई वर्गात खुणा करू देत नसत, ओठ वाचा म्हणत. त्या दिवशी त्या दाराशी हाताची घडी घालून गप्प उभ्या होत्या. पहिलं रीळ संपलं तेव्हा एकही मूल झोपलेलं नव्हतं. मधेच एक काच उलटी गेली, 'थांबा' शब्द डोक्यावर उभा राहिला, आणि पोरांनी माना वाकड्या करून तोसुद्धा वाचला.

दुसऱ्या रिळात काका आला. तिरपी टोपी. मालकीण बोलली. मी भाऊंच्या दंडाला हात लावला. 'काका, पाहुणे आले.' पुढची काच भाऊंच्या हातात होती. मी पुन्हा हात लावला. ते थांबले. त्या अंधुक उजेडात ते काचेकडे बघत होते. मशीन चालूच होतं, काकाचं तोंड हलत होतं. "भाऊ," मी म्हणाले. त्यांनी काच सरकवली.

'मेले? कधी मेले?'

काका गळा काढून रडला. हॉलमध्ये काहीच झालं नाही. कुणी हललं नाही. मला पुढच्या रांगेत दादाची पाठ दिसत होती, ताठ.

मग तिसऱ्या रांगेतली एक मुलगी, दोन वेण्या घातलेली, बारा-तेरा वर्षांची असेल, शेजारणीकडे वळली. तिनं स्वतःच्या ओठांकडे बोट दाखवलं. तोंड उघडलं, 'आ'. मग ओठ घट्ट मिटले आणि उघडले, 'मे'. पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं. पडद्यावरच्या काकाकडे बोट करून तिनं कपाळावर हात मारून घेतला. शेजारणीला समजलं. ती मागे वळली आणि मागच्यांना तेच करून दाखवलं. रांगेमागून रांग ओठ मिटायला-उघडायला लागली आणि सगळा हॉल हसायला लागला. ती मुलं हसताना आवाजाचा हिशोब ठेवत नाहीत. सतरंज्या लावलेल्या त्या खोलीत तो आवाज एवढा झाला की मला पुढचं वाक्य ऐकूच आलं नाही, आणि भाऊंना काच देता आली नाही.

"का हसतात?" भाऊ मला विचारत होते. "कुंदे, का हसतात ती?" मला तरी कुठे माहीत होतं.

रीळ बदलताना दिवे लागले आणि दादा त्या मुलीला घेऊन आमच्याकडे आला. त्यानं आमच्यासमोर तिला पुन्हा करून दाखवायला लावलं. "बघा भाऊ. 'आले' म्हणताना ओठ मिटत नाहीत. 'मेले' म्हणताना मिटतात. बहिऱ्या माणसाची ही चूक होईलच कशी? 'मेले'चं 'पेले' होईल, ते ओठांवर एकसारखं दिसतं. 'आले'चं कधीच नाही." मुलगी मधेच हातांनी काहीतरी बोलली. दादा हसला. "ती म्हणते, मालकीण बोलत असताना तो पिशवीत बघत होता. बहिरा माणूस बोलणाऱ्याच्या तोंडावरून नजर काढतो का कधी? म्हणते, या नटाला आमच्या शाळेत पाठवा. निकमबाई शिकवतील."

भाऊंनी त्या मुलीकडे पाहिलं. मग पेटीतून काकाच्या उरलेल्या काचा काढल्या, पुसल्या आणि क्रमानं मांडून ठेवल्या. पुढच्या रिळात माझा हात लागायच्या आत त्यांची काच तयार असायची.

सगळ्यांनाच तो हसण्याचा प्रसंग वाटला असं मात्र नाही. एक मोठा मुलगा मध्येच उठून बाहेर जाऊन बसला आणि शेवटपर्यंत आत आला नाही. दादा त्याच्याजवळ जाऊन बराच वेळ बसला होता. काय बोलणं झालं ते त्यानं सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही.

पुढे दादानं त्या शाळेसाठी आणखी दोन सिनेमे केले. नंतर निकमबाईंनी त्याला चित्रकला आणि अक्षरं शिकवायला तिकडेच बोलावून घेतलं. निवृत्त होईपर्यंत तो धुळ्यातच राहिला, संसारही तिथेच केला. भाऊंचं दुकान फ्लेक्सच्या जमान्यात बंद झालं. काचा बऱ्याचशा फुटल्या.

पण मला शेवटी आठवतं ते त्या संध्याकाळचं धुळ्याचं बसस्टँड. जळगाव गाडीला वेळ होता. कँटीनमध्ये आम्ही ट्यूबलाइटखालच्या बाकावर बसलो, पेट्या पायाशी. रज्जाकभाई तंबाखू आणायला गेले होते. चहा आला. भाऊंनी कप हातात घेतला आणि न पिताच खाली ठेवला. मग बाकावरून उठून ते दादाच्या अगदी समोर येऊन बसले, उजेडात तोंड येईल असे, आणि सावकाश म्हणाले, "प्रकाश, तुला माझा आवाज आठवतो का रे?"

मी पिशवीतून लिहायची पाटी काढायला लागले. दादा म्हणाला, "राहू दे. कळलं मला."

तो भाऊंकडे वळला. मग म्हणाला, "बोलायचा नाही आठवत. आईचा आठवतो, ओरडायची तो. तुमचा..." त्यानं चहाचा चमचा उचलला आणि बशीच्या काठावर हलकेच मारला. "कुंचल्याचा जास्तीचा रंग झटकायला तुम्ही डब्याच्या काठावर आपटायचे ना. दोनदा हळू, मग एकदा जोरात. तो आहे अजून."

भाऊंनी खाली बशीकडे पाहिलं, त्यामुळे त्यांचे ओठ दादाला दिसलेच नाहीत. मला ऐकू आलं. "अजून तसंच करतो मी," ते म्हणाले.

दादाला ते कसं कळलं कोण जाणे. चमचा खाली ठेवून तो म्हणाला, "माहीत आहे. बघतो ना रोज."